काळीची पिल्ले

आमच्या काळीला पाच पिल्ले झाली. महिन्याच्या आत दोन गेली. पोटे नगाऱ्यासारखी फुगलेली, बरगड्या मात्र मोजून घ्याव्यात! आजी म्हणाली, दृष्ट लागली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "जंत आहेत. आईच्या पोटातूनच पिल्लांत येतात. दोन आठवड्यांचे झाले की औषध सुरू करायचे, मग दर पंधरा दिवसांनी."

मी विचारले, "शाळेतली जंताची गोळी अर्धी दिली तर?" ते हसले. "अरे, ती तुझी. याचे माप वजनावर." मग पिल्लू पिशवीत घालून काट्याला लावले.

दुसऱ्या दिवशी मोतीच्या शीत शेवयांसारखे पांढरे जंत पडले. किळस आली, पण मोजले. सतरा!

त्यांची अंडी मातीत पडतात आणि दोन-तीन आठवड्यांनी माणसालाही बाधतात. आम्ही तर तिथेच गोट्या खेळतो! म्हणून दादा आता शी रोजच्या रोज उचलून पुरतो.

मनीच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसतात. तो जंत निराळा, पिसवांतून येणारा. आधी पिसवा घालवायला हव्यात. मनी हाती लागेल तर ना!

तिन्ही पिल्ले आता अंगणभर पळतात. काळीलाही गोळी द्यायची आहे. पण ती लबाड, भाकरी तेवढी खाते नि गोळी बाजूला काढून ठेवते.