ऊन पडलं असतं तर?

आमच्या बालवाडीत वर्षाचा आरंभ परातीने होतो. चिंचोके, सागरगोटे, शंख-शिंपले, मोठी बटणं, अंगणातली पानं असं सगळं एकत्र कालवून मुलांपुढे ठेवायचं आणि म्हणायचं, "लावा बरं नीट." कसं लावायचं ते मात्र सांगायचं नाही.

कुणी रंगावरून लावतं, कुणी लहानमोठं बघून. एका मुलीने बटण आणि शिंपला शेजारी ठेवले. "हे दोघं एकत्र का गं?" विचारल्यावर तिने शिंपल्याचं बारीक छिद्र दाखवलं. "दोघांना भोक आहे. दोरा जातो." तर्क म्हणतात तो हाच. दोन वस्तूंतलं साम्य तिने स्वतः हेरलं आणि त्याचं कारण शब्दांत मांडलं. म्हणून मी "का?" सगळ्यांनाच विचारते. नेहमीसारखी मांडणी करणाऱ्यालाही विचारते. नाहीतर ताईंनी 'का' विचारलं म्हणजे आपलं चुकलं, असं मुलं धरून बसतात.

ही परात आम्हाला वारशाने मिळाली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांपर्यंत नेलं. माँटेसरीची साधनं महागडी होती. या दोघींनी त्यांच्या जागी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले आणले. मुलाच्या ओळखीची वस्तू हातात असली की त्याची नजर बारीक चालते, हे त्यातून दिसलं.

हीच नजर पुढे अक्षरांसाठी लागते. घ आणि ध यांच्यात फरक केवढासा! ब आणि व यांच्यात तर एका तिरप्या रेघेचा. चिंचोक्यांत लहानमोठं, गुळगुळीत-खरखरीत निवडलेलं मूल हा फरक आपणहून टिपतं. जुन्या शिक्षकांनी अक्षरओळखीसाठी 'ग म भ न' असा क्रम लावला, तोही वळणांचं साम्य पाहून. क्रम लावणारा वर्गीकरणच करत होता.

पण अक्षर डोळ्यांना दिसण्याआधी ते कानाला वेगळं ऐकू यायला हवं. त्यासाठी आम्ही टाळ्या वाजवून शब्द फोडतो, भेंड्यांसारखं शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द शोधतो. मुलांचा सगळ्यात लाडका खेळ चोरीचा. "खारीकमधला 'क' मांजराने पळवला. काय उरलं?" क्षणभर ओठ हलतात आणि मग एकच गलका, "खारी!" शब्दाचे तुकडे होतात, तुकडा काढला की अर्थ बदलतो, हे त्या गलक्यात पक्कं होतं. मराठीत तीसपेक्षा जास्त व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी. म्हणजे चारशेच्या आसपास रूपं. ती सगळी घोकायची म्हटली तर मूल दमून जाईल. काना आला की आवाज कसा बदलतो, ही युक्ती एकदा सापडली की न शिकवलेलं अक्षरही ते वाचून बघतं. पहिल्या वेलांटीशी मात्र थोडं थांबावं लागतं. 'कि' म्हणताना कानाला आधी क भेटतो, डोळ्यांना आधी वेलांटी. मुलं तिथे अडखळतात, त्यामागेही विचार असतो.

आणि गोष्टी! शेणाच्या घरातला काऊ आणि मेणाच्या घरातली चिऊ यांची गोष्ट सांगून झाल्यावर एकदा मी विचारलं, "पावसाऐवजी कडक ऊन पडलं असतं तर?" आधी सगळे गप्प. मग एकजण सावकाश म्हणाला, "मेण वितळलं असतं." त्याच्या शेजारची लगेच उठून उभी राहिली. "मग चिऊ गेली असती काऊकडे!" "काऊने दार उघडलं असतं?" यावर वर्गाचे दोन पक्ष झाले. चिऊने त्याला ताटकळत ठेवलं होतं म्हणून तो उघडणार नाही, असं काहींचं म्हणणं. पावसात भिजणं कसं असतं ते त्याला माहीत आहे, म्हणून तो उघडेल, असं दुसऱ्यांचं. प्रत्येक पक्षाकडे 'म्हणून' होतं आणि प्रत्येकाचा पुरावा गोष्टीतलाच होता. अक्षर एकालाही येत नव्हतं, पण वाचणाऱ्याने जे करायचं ते सगळं ही मुलं करत होती.

"अजून लिहीत कसा नाही?" असं चार वर्षांच्या मुलाचे पालक काळजीने विचारतात. बोटांचे स्नायू अजून कोवळे असतात. त्यांना माती मळू द्या, मणी ओवू द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे. चौथ्या वर्षी वही भरवायची घाई कुणाच्याच भल्याची नाही.

त्याऐवजी रोज एक गोष्ट वाचून दाखवा. वाचताना ओळीखालून बोट फिरवा, मध्येच थांबून "आता काय होईल?" विचारा. उत्तर आलं की लगेच "बरोबर" म्हणू नका, "तुला असं का वाटलं?" विचारा आणि मूल सांगेल ते पूर्ण ऐका. अक्षरं शिकायला पुढे वेळ आहे. आपल्या म्हणण्याला कारण द्यावं लागतं आणि ते ऐकून घेणारं कुणीतरी असतं, हा विश्वास या वयातच रुजतो. तो रुजलेलं मूल पुस्तक उघडेल, तेव्हा पुस्तकालाही "का?" विचारेल.