माझ्या विरोधाची जागा बदलली

एका सजीवाचा डीएनए दुसऱ्या सजीवात घालू नये, असं मी कितीतरी वर्षं ठामपणे सांगत आलो. पारावर सांगितलं, शेतकरी मेळाव्यात सांगितलं, घरी मुलांनाही सांगितलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का आणि कुठवर बदललं हे उघड सांगायला हवं, कारण माझं ऐकून गावातल्या काहींनी आपलं मत बनवलं आहे.

माझा विरोध पऱ्हाटीतून आला होता. मानोरा तालुक्यातलं आमचं इंझोरी कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारं. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसाच्या वाणात घातलेलं. त्यामुळे बोंडअळीला मारक प्रथिन झाडातच तयार होतं. सुरुवातीला अळीसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. मग दोन जनुकांचं बियाणं आलं आणि गुलाबी बोंडअळीनं तेही पचवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. त्याच साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जनुक घातलं म्हणून हे भोगावं लागलं, असा सरळ हिशेब मी मांडला आणि त्या तंत्राशीच वैर धरलं.

तो हिशेब ढवळून काढला एका बेडकानं.

झेनोपस हा आफ्रिकी बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात. त्याची अंडी शरीराबाहेर फळतात, सुमारे मिलिमीटरभराची असतात, बारीक सुईनं टोचता येतात आणि भ्रूण घडताना डोळ्यांसमोर दिसतो. १९९६ साली त्याच्या शुक्रपेशींच्या केंद्रकांत बाहेरचा डीएनए मिसळून ती केंद्रकं अंड्यांत टोचण्याची पद्धत आली. डीएनए रुजायचा, पण कुठे आणि किती प्रतींत, यावर ताबा नव्हता. २०१३ पासून क्रिस्परची कात्री बेडकातही चालू लागली. ती डीएनएला नेमक्या जागी काप देते. त्या कापात नवा डीएनए बसवणं मात्र फार अवघड. फळलेलं अंडं दीडेक तासात दुभंगतं, पुढची विभाजनं त्याहून झपाट्यानं होतात आणि पेशी तुटलेली टोकं घाईनं जोडून टाकते. नवा तुकडा काही पेशींत असतो, काहींत नसतो. म्हणून तो बेडूक मोठा करून त्याची पुढची पिढी तपासावी लागते. जनुक घालणं म्हणजे बेफिकीर उद्योग, हा माझा समज ही मेहनत समजून घेताना गळून पडला.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाचं जपानी संशोधकांसोबतचं काम २०१० साली प्रसिद्ध झालं. हायड्रा या चिमुकल्या जलचराच्या नॉगिन जनुकाचा आरएनए त्यांनी झेनोपसच्या भ्रूणात टोचला. आरएनए काही काळानं विरून जातो, डीएनएसारखा वंशात टिकत नाही. पण त्या थोड्या वेळात हायड्राचा संदेश बेडकाच्या भ्रूणाला कळला आणि शरीराचा अक्ष घडवण्याच्या कामी आला. सजीवांमधल्या ज्या भिंतींच्या भरवशावर मी बोलत होतो, त्या इतक्या पक्क्या नव्हत्या.

तरीही मन खरं वळलं ते भैकेरांमुळे. भैकेर म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू. त्याचा बेडूक होतो तो थायरॉइडच्या संप्रेरकामुळे, आणि तेच संप्रेरक माणसाच्या बाळाच्या मेंदूची वाढही सांभाळतं. संशोधकांनी झेनोपसमध्ये असा डीएनए घातला, की या संप्रेरकाचा परिणाम बदलला की भैकेराच्या अंगातली हिरवी चमक कमीजास्त होते. चमकीचं जनुक जेलीफिशमधून घेतलेलं. २०१९ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं रसायनं पारखण्याची अधिकृत चाचणी म्हणून ही पद्धत स्वीकारली. तीन दिवसांत उत्तर मिळतं.

मला आमची फवारणी आठवली. १९८३ सालीच पुण्यातल्या संशोधकांनी आपल्याकडच्या एका छोट्या बेडकाच्या भ्रूणांवर मॅलॅथिऑन या कीटकनाशकाचा काय परिणाम होतो ते तपासलं होतं. आपल्या औषधांबद्दल बेडूक इतकी वर्षं सांगू पाहतोय, आणि घातलेल्या जनुकानं त्याचं सांगणं स्पष्ट होणार असेल, तर त्याला मी कशाच्या बळावर नाही म्हणू?

मग बीटीकडेही नव्यानं पाहिलं. घातलेलं जनुक सांगितलेलं काम करत होतं. अळीत प्रतिकार लवकर येऊ नये म्हणून बांधाकडेनं पेरायच्या बिगर-बीटी सरकीची पुडी बहुतेकांनी पेरलीच नाही. कित्येकदा ते बियाणं धड नसायचंही. लांब मुदतीचे संकरित वाण आणि वर वेचणीनंतरही पीक राखायची फरदड, त्यामुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं मिळत राहिलं. प्रतिकार त्यातून वाढला. ही चूक शेतीच्या व्यवस्थेची, बियाण्याच्या बाजाराची आणि देखरेखीची होती. तिचा सगळा भार मी तंत्रावर टाकत होतो.

विरोध पुरता सुटलेला नाही. झेनोपस प्रयोगशाळांबाहेर पडून कॅलिफोर्निया, चिली, फ्रान्समध्ये वसला आहे. जनुक घातलेला बेडूक बंद टाक्यांतच राहिला पाहिजे. तोही जीव आहे, म्हणून गरजेपेक्षा एकही जास्त वापरू नये. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं बाहेरचा डीएनए न घालता संपादित केलेल्या पिकांना काही नियमांतून सूट दिली. बाहेरचा डीएनए घातलेल्या पिकांची कसून तपासणी कायम ठेवली. ती तशीच राहावी, असं मी म्हणेन.

आणि एक मागणीही करेन. फवारणीच्या हंगामात आमच्या विहिरींचं, नाल्यांचं पाणी अशा भैकेरांवर एखाद्या सरकारी प्रयोगशाळेत पारखलं जावं आणि निकाल ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जावा. जनुक कशासाठी घातलं, कुठे ठेवलं आणि त्यातून मिळालेलं उत्तर कोणाच्या हाती पडतं, हे मी आता आधी विचारतो. उत्तर गावाच्या हाती पडणार असेल, तर मी त्या संशोधनाच्या बाजूनं उभा राहीन.