मोडत चाललेल्या सवयी

दामिन. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, कार्पेंटेरियाच्या आखातात, मॉर्निंग्टन नावाचं बेट आहे. तिथल्या लार्डिल लोकांची ही दुसरी भाषा. दीक्षाविधी पार पडलेल्या पुरुषांनी बोलायची. शब्द जेमतेम दीड-दोनशे, आणि तेवढ्यात सगळं जग बसवायचं. लार्डिलमध्ये सर्वनामं एकोणीस, दामिनमध्ये दोनच. एक 'मी'च्या बाजूचं, एक उरलेल्या सगळ्यांचं. जीभ टाळूवरून सोडवून काढलेले चटकारीचे ध्वनी आफ्रिकेबाहेर याच एका भाषेत नोंदले गेले आहेत. भाषाशास्त्रज्ञ केन हेल यांना बेटावरच्या लोकांनी सांगितलं होतं की दामिन एका दिवसात शिकता येते. ते शक्य होतं, कारण कुणीतरी फार विचार करून बारीक भेद गाळले होते आणि अर्थांची मोठी खाती तेवढी ठेवली होती. लिपी नसलेल्या माणसांनी शब्दार्थाचं शास्त्र मांडलं, ते पुस्तकात न लिहिता बोलण्यात ठेवलं. मिशनऱ्यांनी दीक्षाविधी बंद पाडले. दामिन त्या विधींबरोबर गेली. हेल १९९२ साली धोक्यातल्या भाषांवर लिहायला बसले, तेव्हा भाषा गेल्याने बुद्धीच्या इतिहासातलं काय जातं हे दाखवायला त्यांनी दामिनच निवडली.

*

जालंगुय. क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनातली, डिर्बल लोकांची. सासूच्या कानावर पडेल एवढ्या अंतरावर जावयाने रोजची भाषा बोलायची नाही, ही बोलायची. व्याकरण तेच, शब्द मात्र सगळे वेगळे आणि रोजच्या भाषेच्या चौथाईच. म्हणजे रोजच्या चार-पाच क्रियापदांसाठी इथे एकच. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन १९६३ साली तिथे पोचले तेव्हा हिचा वापर थांबून तीसेक वर्षं झाली होती. म्हाताऱ्या माणसांना ती फक्त आठवत होती. डिक्सन यांनी प्रत्येक रोजच्या क्रियापदाला जालंगुयमध्ये काय म्हणाल असं विचारलं, मग उलट विचारलं. कोणती कृती मूळ आणि कोणती तिची बारीक छटा, याचा निवाडा बोलणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेला होता. अर्थाची अशी आतून केलेली मांडणी विद्यापीठांना अजून जमलेली नाही.

*

त्याच डिर्बलमधले नामांचे चार वर्ग. एकात पुरुष आणि बहुतेक प्राणी, दुसऱ्यात बायका, पाणी, विस्तव आणि लढाई, तिसऱ्यात खाण्याजोगी फळं-कंद, चौथ्यात उरलेलं सगळं. जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ साली माणूस जगाचे गट कसे पाडतो यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याचं नावच या दुसऱ्या वर्गावरून आलं. पण त्याच्या दोन वर्षं आधी ॲनेट श्मिट यांचं पुस्तक निघालं होतं, तरुणांच्या डिर्बलवर. त्या तरुणांच्या बोलण्यात विस्तव आणि पाणी बायकांच्या वर्गातून निघून गेले होते. पुरुष आणि प्राणी, बाई, बाकी सगळं, एवढंच उरलेलं. भाषा कानावर पडत होती, पण वर्गांमागचं कथांचं आणि नात्यांचं भान आधीच संपलं होतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाषा शेवटच्या माणसाबरोबर मरते असं आपण धरून चालतो. तिच्यातली मनाची वळणं त्याच्या कितीतरी आधी जातात, आणि त्या दिवशी कुणी रडत नाही.

*

बेंजामिन ली वॉर्फ आगीच्या विमा कंपनीत तपासनीस होता. १९४१ साली गेला. ॲरिझोनातल्या होपी भाषेला आपल्यासारखी काळाची कल्पनाच नाही, असं त्याने लिहून ठेवलं. १९८३ साली एकेहार्ट मालोट्की यांनी होपीतल्या कालवाचक शब्दांवर सहाशेहून अधिक पानं छापली आणि तो दावा संपला. मधल्या काळात भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीच्या प्रभावाखाली भाषाभेद हा वरवरचा मुलामा ठरला होता. दोन्ही टोकं मला चुकीची वाटतात. कुठलीही भाषा माणसाला एखादा विचार करू देत नाही असं नाही. पण प्रत्येक भाषा काही गोष्टींकडे लक्ष द्यायला भाग पाडते, वाक्य पुरं करायचं तर ती माहिती लागतेच. रोमान याकबसन यांनी हे १९५९ सालीच सांगितलं होतं. दिवसातून हजार वेळा भाग पाडलं की लक्षाची सवय होते. ही यादी त्या सवयींची आहे.

*

गुगु यिमिथिर भाषेतला दिशांचा हिशोब. उत्तर क्वीन्सलंडमधलं होपवेल. कांगारू हा शब्द जगाने याच भाषेतून उचलला, १७७० साली कुकचं जहाज या किनाऱ्यावर दुरुस्तीला थांबलं होतं तेव्हा. या भाषेत जागा सांगायला डावं-उजवं चालत नाही. ताटातली वाटी पश्चिमेची, खांद्यावरची माशी उत्तरेची. बोलायचं तर उत्तर कुठे हे सतत ठाऊक असायला हवं. अंधारात, घरात, अनोळखी गावात. तिथल्या एका म्हाताऱ्याने वादळात होडी उलटल्याची हकिकत १९८० साली जॉन हॅव्हिलंड यांच्या कॅमेऱ्यासमोर सांगितली. तेव्हा त्याचं तोंड पश्चिमेला होतं. होडी उलटताना त्याचे हात पुढे गेले. दोन वर्षांनी तीच हकिकत त्याने स्टीफन लेव्हिन्सन यांना सांगितली. या वेळी तोंड उत्तरेला, आणि हात उजवीकडून डावीकडे फिरले. होडी दोन्ही वेळा पश्चिमेलाच उलटली. आठवण दिशेसकट साठवलेली होती.

होपवेलच्या मुलांच्या तोंडी आता इंग्रजी आहे, आणि इंग्रजीबरोबर डावं-उजवं.

एरिक पेडरसन यांना तमिळ बोलणाऱ्यांतही हा फरक दिसला. भाषा एकच, पण खेड्यातली माणसं पूर्व-पश्चिम वापरणारी, शहरातली डावं-उजवं. आपल्याकडे खरेदीखतात चतुःसीमा अजून लिहिली जाते, पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. ती वाचून दाखवणाऱ्या तरुणाला तिथे बांधावर उभं राहून दक्षिण दाखवायला सांगितलं तर तो फोन काढतो. उगवतीचा वाफा, मावळतीचं दार असं बोलणारी पिढी शेतात होती तोवर होती. फोनमधला आवाज फक्त डावीकडे वळा म्हणतो.

*

पूर्वेकडून येणारा काळ. ऑस्ट्रेलियातल्याच केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावर पॉर्म्पुराव, तिथली भाषा कूक थायोर. लेरा बोरोडिट्स्की आणि ॲलिस गॅबी यांनी लोकांना चित्रं क्रमाने लावायला दिली: माणूस लहान, तरुण, म्हातारा. दक्षिणेला तोंड असेल तर ती डावीकडून उजवीकडे लावली गेली, उत्तरेला असेल तर उजवीकडून डावीकडे, पूर्वेला असेल तर स्वतःकडे येणारी. शाळेच्या पुस्तकाची ओळ डोळ्यांत बसली की काळ पानावरून चालायला लागतो.

*

वासांची नावं. मलेशिया आणि थायलंडच्या सीमेवरच्या डोंगरात जहाय लोक राहतात. वासांसाठी त्यांच्याकडे डझनभर स्वतंत्र क्रियापदं आहेत, कुठल्याही एका वस्तूला न चिकटलेली. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांचा अभ्यास २०१४ सालचा. जहाय माणसं वासाचं नाव रंगाइतक्या सहज आणि एकमताने सांगत. इंग्रजी बोलणारे लांबलचक वर्णन करत आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नसे. शतकानुशतकं तत्त्वज्ञ सांगत आले की वास माणसाच्या भाषेत बसतच नाही. ते आपल्याच नाकाबद्दल बोलत होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१८ साली मजीद आणि निकोल क्रुस्पे यांनी एकमेकांशेजारच्या दोन जमाती ताडून पाहिल्या. सेमाक बेरी शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणारे. सेमेलाय शेती करणारे. भाषा एकमेकींच्या नात्यातल्या, रान तेच. सेमाक बेरी वासाचं नाव सांगण्यात पटाईत, सेमेलाय इंग्रजी बोलणाऱ्यांसारखेच चाचरणारे. म्हणजे शब्द एकटा काही करत नाही. त्याच्याखाली रोजचं जगणं लागतं, ते गेलं की शब्द कोशात राहतो आणि नाक विसरतं. मराठीत खवट, कुबट, करपट, खमंग अजून आहेत. पण शेंगदाण्याची पिशवी फोडल्यावर आपण आधी छापलेली तारीख वाचतो.

*

अंगावर मोजणं. पापुआ न्यू गिनीतल्या ओक्सापमिन लोकांचे सत्तावीस अंक. एका हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात, मग बोटं, मनगट, कोपर, खांदा, मान, कान, डोळा, नाक चौदावं, तिथून दुसऱ्या बाजूने उतरत दुसऱ्या हाताच्या करंगळीवर सत्तावीस. जेफ्री सॅक्स १९७८पासून तिथे जात राहिले. दुकानं आली, नाणी आली, तशी माणसं याच अंगाने बेरीज-वजाबाकी करू लागली. अवयव तेच, काम नवं. मग शाळा आली.

*

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. सात औट साडेचोवीस. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, अशा जगात वाण्याला आणि सुताराला हेच पाढे लागत. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो आणि मीटर आले. पावकी-दिडकी शाळेतून हळूहळू गेली. औट आता 'औटघटकेचं राज्य' एवढ्यापुरता उरला.

पाठांतर म्हणून याला नाक मुरडणाऱ्यांशी माझं भांडण आहे. २००८ साली मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलच्या पिराहा लोकांबरोबर प्रयोग केले. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्यांना शब्द नाहीत. समोर मांडलेल्या दोऱ्याच्या रिळांइतके फुगे ती माणसं बरोबर मांडत. रिळं झाकली की चुका होत. संख्येचा शब्द हे आकडा मनात धरून ठेवायचं हत्यार आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मग पावकी-औटकी ही अपूर्णांक धरून ठेवायची हत्यारं होती. पाऊण ही वस्तू, अडीच ही वस्तू, अंश आणि छेद न मांडता थेट हाताळता येणारी. आज सातवीतलं मूल साडेतीन गुणिले सातसाठी वही उघडतं.

*

एकोणसत्तर. सत्तरला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही वजाबाकी चालते, नव्व्याण्णवला थांबते. इंग्रजी शाळेतली मराठी मुलं इथे अडतात आणि 'सिक्स्टी नाइन' म्हणून मोकळी होतात. फोन नंबर तर घरातले आजोबाही इंग्रजीतच सांगतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' असं वाचन आलं आणि गदारोळ उठला. त्या बदलामागे कारण होतं, हे मान्य करायला हवं. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या संख्या लिहिण्यातल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलट्या क्रमाशी निगडित निघाल्या. मुलाचं ओझं कमी व्हावं हे मलाही पटतं. तरी पुढच्या दशकाकडे बघून एक पाऊल मागे उभं राहायची ही सवय माझ्या नातवंडांपर्यंत पोचावी असं वाटतं.

*

कसं कळलं ते सांगण्याची सक्ती. तारियाना, ब्राझीलच्या वाउपेस खोऱ्यात, बोलणारे शंभराच्या आसपास. डोळ्यांनी पाहिलं, ऐकून किंवा हुंगून जाणवलं, खुणांवरून ताडलं, एरवीच्या ज्ञानावरून धरलं, दुसऱ्याने सांगितलं: यांतलं एक क्रियापदाला लावल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड यांनी तिचं व्याकरण लिहिलं. आपल्याकडे 'म्हणे' आहे, पण तो ऐच्छिक.

*

बो. अंदमान. शेवटची बोलणारी बोआ सीनियर जानेवारी २०१० मध्ये गेली. वय पंच्याऐंशीच्या आसपास. अन्विता अब्बी यांनी तिच्याबरोबर काम केलं. बोलायला कुणी उरलं नाही म्हणून ती पाखरांशी बोलत असे, हे त्यांनीच नोंदवलं आहे. बो ज्यातली एक, त्या ग्रेट अंदमानीच्या व्याकरणात शरीराचे सात प्रदेश आहेत, आणि त्या प्रदेशाची खूण नाम, विशेषण, क्रियापद सगळ्यांना लागते. बाहेरच्या वस्तूचा भाग, एखादी कृती, तिचा गुण, सगळं देहातून जातं. व्याकरण असंही उभं राहू शकतं.

*

निहाली. ही आपल्या घरातली. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या आसपास, बोलणारे दोन-अडीच हजार. जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. शेजार कोरकूचा आणि मराठीचा, उसने शब्द ढीगभर. दोन, तीन, चार हे आकडे द्रविड वळणाचे. शब्द नोंदले जात आहेत, आणि ते फार मोलाचं काम आहे. त्याबरोबर हेही टिपायला हवं: म्हातारी बाई नाल्याकडची वाट सांगताना हात कुठे करते, उद्या कुठल्या बाजूला दाखवते, मोहाची फुलं मोजताना ओठ हलतात ते कुठल्या भाषेत, ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट वेगळी सांगते का, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं. जळगाव जामोद पुण्याहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.