मामांचा पाय आणि तांबीचा

कुत्र्याचा पाय कापायची वेळ आली तर त्याला कायमचं झोपवून मोकळं करावं, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. तीन पायांचं कुत्रं सांभाळणारी माणसं स्वतःच्या मायेपोटी त्या जिवाचे हाल करतात, असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचे. आज मी तसं म्हणणार नाही.

या मताचं मूळ कुत्र्यांमध्ये नव्हतं, माझ्या मामांमध्ये होतं. मधुमेहामुळे त्यांच्या पायाला गँगरीन झालं आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. पुढे जयपूर फूट बसवला, ते चालूही लागले. पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. पंगतीत मांडी घालता येत नाही म्हणून लग्नकार्याला जायचे थांबले. एसटीत कुणी उठून जागा दिली की त्यांचा चेहरा उतरायचा. रानात जाणं तर त्यांनी सोडूनच दिलं. पाय गेला की आयुष्यातलं बरंच काही जातं, हे मी त्यांच्याकडे बघत शिकले, आणि तेच माप कुत्र्यांना लावत आले.

तांबी आमच्या अंगणात वाढलेली गावठी कुत्री. सांगली जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. त्यातल्या एका ट्रॉलीच्या चाकाखाली तिचा मागचा उजवा पाय सापडला. हाडाचा चुरा झाला होता, कातडी सोलून निघाली होती. पाय वाचणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, त्यापेक्षा तिला झोपवा. त्यांनी वाद घातला नाही. तिचे उरलेले तीन पाय, खुब्याचे सांधे, पाठीचा कणा नीट चाचपला, एक्स-रे काढले आणि म्हणाले, "ताई, हिचं सगळं दुखणं त्या पायात आहे. पाय गेला की दुखणं जाईल. मग झोपवायचं कशासाठी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दुसरी विनंती केली: मग निदान गुडघ्याखाली कापा, थोडा तरी पाय राहू द्या. इथेही मामाच डोळ्यांपुढे होते. माणसाचा गुडघा वाचवण्यासाठी सर्जन जिवाचं रान करतात, कारण पुढे कृत्रिम पाय त्याच आधारावर बसतो. कुत्र्याच्या बाबतीत बहुतेक वेळा याच्या अगदी उलट करतात. अर्धा पाय ठेवला तर कुत्रं तो टेकवायला बघतं. त्याचं टोक जमिनीवर, पायरीवर आपटतं, घासतं, जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. म्हणून मागचा पाय मांडीच्या वरच्या भागातून किंवा थेट खुब्याच्या सांध्यातून काढतात. पुढचा पाय तर सहसा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात. कुत्र्याचा फरा धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो, त्यामुळे तिथे हाड कापावंच लागत नाही. मज्जातंतू आधी बधिर करून मगच कापतात, नंतरच्या वेदना त्यामुळे कमी होतात. हे सगळं ऐकताना मला पहिल्यांदा जाणवलं की ज्या विषयावर मी इतकी वर्षं बोलत होते तो मला ठाऊकच नव्हता.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. टाके, सूज, काळीनिळी कातडी, आणि रात्री तिचं ते लांब सुरात रडणं. हे रडणं नेहमी वेदनेचंच असतं असं नाही, वेदनाशामकांच्या गुंगीनेही कुत्री अशी बावरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तरी त्या रात्री माझं जुनं मत पुन्हा डोकं वर काढत होतं. अनेकांना पश्चात्ताप होतो तो याच काळात, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. पोटाखालून टॉवेलची झोळी घालून आम्ही तिला अंगणात न्यायचो. टाके निघायच्या आधीच ती झोळीतून निसटून पळायला बघू लागली.

तिचं चालणं पाहत राहिले आणि माझं मत बदललं. तीन पायांच्या कुत्र्याला पळणं सोपं जातं, सावकाश चालणं त्याहून अवघड, आणि एका जागी उभं राहणं सगळ्यांत अवघड. आपण त्याला पाहतो ते बहुधा उभं असताना, डुलताना, आणि आपला जीव कळवळतो. तांबी मात्र मांजरामागे सुटली की पाय किती आहेत हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नसे. उरलेला मागचा पाय तिने हळूहळू शरीराच्या मधोमध आणला, शेपटीने तोल सांभाळू लागली. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. मामांना जे छळत होतं ते, म्हणजे लोकांच्या नजरा, पंगत, आपण पूर्वी कसे होतो याची आठवण, यातलं काहीच तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिला वेदना होत्या, त्या संपल्या. तिच्यापुरता विषय तिथेच मिटला.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत 2015 साली 64 कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. 91 टक्के मालकांना पाय गेल्यावर कुत्र्याच्या स्वभावात काही फरक दिसला नाही, आणि 78 टक्के म्हणाले की ते आमच्या अपेक्षेपेक्षा चांगलं सावरलं. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती आपल्याकडे फार कामाची आहे: शस्त्रक्रियेच्या वेळी वजन जितकं जास्त, तितकं पुढचं जगणं कमी सुखाचं. तांबीला बघून गल्लीतला प्रत्येकजण "बिचारी" म्हणत ग्लुकोजची बिस्किटं टाकायचा. मी सगळ्यांना हात जोडून ती थांबवली. तीन पायांवर एक किलो जादा वजनही जड जातं, वयानुसार सांधे आणि कंबर त्याची किंमत मोजतात. गुळगुळीत फरशीवर गोणपाट किंवा सतरंजी टाका, नखं वेळेवर कापा, एकदाच लांब फिरवण्यापेक्षा थोडं थोडं पण अनेकदा फिरवा.

मात्र आता दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक कुत्र्याचा पाय काढाच, असंही मी सांगणार नाही. कुत्र्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळे पुढचा पाय जाणं जास्त कठीण. कुत्रं भारी अंगाचं असेल, दुसरे सांधे झिजलेले असतील, तर नीट विचार करावा लागतो. मोठ्या जातींमध्ये होणाऱ्या हाडाच्या कॅन्सरमध्ये नुसता पाय काढून आयुष्य सहसा काही महिनेच मिळतं, केमोथेरपीने वर्षभराच्या आसपास. तेही वेदनेविना मिळालेले महिने आहेत आणि मला ते मोलाचे वाटतात, पण हा हिशोब आधी माहीत हवा. रस्त्यावरच्या कुत्र्याला टाके निघेपर्यंत आसरा आणि नंतर रोज खायला घालणारं कुणी नसेल, तर नुसती शस्त्रक्रिया करून त्याला परत हमरस्त्यावर सोडणं मला मान्य नाही. आणि जिथे वेदना थांबवताच येत नाहीत, तिथे झोपवणं हीच दया, हे मी आजही मानते.

तुमच्या घरी ही वेळ आली तर मोजायची ती वेदना, पाय नव्हे. उरलेले तीन पाय आणि कणा तपासून घ्या, कॅन्सरचा संशय असेल तर आधी छातीचा एक्स-रे काढा, आणि जमलं तर तीन पायांवर जगणारं एखादं कुत्रं प्रत्यक्ष पाहून या. निर्णय त्यानंतर घ्या.