आईचा स्वेटर

होसकोट्यात थंडी काय ती डिसेंबर-जानेवारीत. एरवी आमचे लोकरीचे कपडे ट्रंकेतच पडून असतात.

आई गेल्यावर तिने स्वतःसाठी विणलेला निळा स्वेटर मी घेऊन आले. धुतला मात्र नाही. त्याला तिचा वास होता ना! डांबराच्या गोळ्यांनी तो जाईल म्हणून वेखंडाचे दोन तुकडे तेवढे ठेवले.

गेल्या डिसेंबरात ट्रंक उघडली, तर गळ्यापाशी आणि काखेत भोकंच भोकं. कसर लागली होती! नेमकी तिथेच का? रेशमी साड्या जिवापाड जपणाऱ्या शेजारणीने उलगडा केला. उडणारा पतंग काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी. लोकर, रेशीम तिचं अन्नच. त्यात घामाचा किंवा अन्नाचा डाग असला की विचारूच नका. म्हणजे मी जे जपत होते, तेच तिने आधी खाल्लं.

मग स्वेटर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला. त्याने अंडी, अळ्या मरतात. ("आई, मटारशेजारी आजीचा स्वेटर?" इति चिरंजीव.) ट्रंक झाडून उन्हात ठेवली. डांबराच्या गोळ्या आताही नाहीतच; घरात तान्हा नातू आहे आणि काही बाळांना त्यांच्या वाफेनेही कावीळ होऊ शकते.

शेवटी स्वेटर धुतला, सावलीत वाळवला, रफू केला. तसली निळी लोकर काही मिळाली नाही. आता त्याला साबणाचा वास येतो. थंडीत दूध आणायला मी तोच घालून जाते.