धुराच्या डोंगरातलं घर

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी होस्टेलवर राहिलंय? निदान सुट्टीत आठ दिवस मावशीकडे तरी? पहिल्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून गुपचूप रडलात की नाही, खरं सांगा! आज आपण जिथं जाणार आहोत, तिथली एक मुलगी १९६४ साली अशीच घर सोडून निघाली. शाळेचा शेवटचा समारंभ होता. पुढं काय करणार, असं प्रत्येकाला विचारलं. ही म्हणाली, "मी नॅशव्हिलला जाऊन मोठी गायिका होणार." सगळी शाळा खो खो हसली. दुसऱ्याच दिवशी तिनं बस पकडली. तिचं नाव डॉली पार्टन.

आता अमेरिकेचा नकाशा उघडा. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात टेनेसी नावाचं लांबुडकं राज्य दिसेल. त्याच्या पश्चिम कडेनं मिसिसिपी नदी वाहते, मध्यावर नॅशव्हिल आहे आणि पूर्वेला डोंगरच डोंगर. नॅशव्हिल म्हणजे 'कंट्री' संगीताची पंढरी. कंट्री म्हणजे गावाकडची गाणी. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेल्या लोकांनी आपली जुनी कथागीतं बरोबर आणली. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांकडून बँजो आला. त्यात फिडल आणि गिटार मिसळली आणि हे संगीत तयार झालं.

पण आपल्याला नॅशव्हिलला थांबायचं नाही. पूर्वेला सव्वातीनशे किलोमीटर गेलं, की ग्रेट स्मोकी माउंटन्स लागतात. स्मोकी म्हणजे धुराचे. पण आग कुठं दिसत नाही! गंमत अशी, की हा धूर झाडांचाच. डोंगरभर दाट जंगल आहे. झाडांच्या पानांतून एक प्रकारची वाफ बाहेर पडते, तिचे सूक्ष्म कण होतात आणि त्यांच्यामुळे उन्हात सगळा डोंगर निळसर, धूसर दिसतो. इथले मूळ रहिवासी चेरोकी लोक. त्यांनीही या डोंगरांना 'निळ्या धुराची जागा' असंच म्हटलं होतं. १८३८ मध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांना बंदुकीच्या धाकानं पश्चिमेला हाकलून देण्यात आलं. इथल्या सर्वांत उंच शिखराचं चेरोकी नाव मात्र २०२४ मध्ये परत आलं. त्याला आता कुवोही म्हणतात. उंची २०२५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अंदाज येईल.

याच डोंगरांच्या कुशीत, लोकस्ट रिज या ठिकाणी, एक लाकडी झोपडीवजा घर होतं. वीज नाही, नळ नाही. त्यात आईवडील आणि एकूण बारा भावंडं! डॉली चौथी. १९४६ च्या जानेवारीत ती जन्मली तेव्हा डॉक्टर घोड्यावरून आले. त्यांना द्यायला पैसे नव्हते. मग वडिलांनी फीऐवजी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. वडील तंबाखूच्या शेतात राबायचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आई जुनी गाणी म्हणायची. आठेक वर्षांच्या डॉलीला मामानं गिटार आणून दिली, आणि मग काय विचारता!

नॅशव्हिलला पोचल्यावर डॉलीनं आईवडिलांना पत्र लिहिलं. पुढं १९७३ मध्ये तिनं 'माय टेनेसी माउंटन होम' ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा तिची सुरुवात याच पत्रानं केली. मागं माउथ ऑर्गन वाजतोय आणि डॉली पत्र वाचतेय. अकरा गाण्यांची ही एल.पी. म्हणजे तिच्या गावची फेरीच. मुखपृष्ठावर ते लाकडी घर. आत एक गाणं वडिलांच्या कामाच्या बुटांवर, एक आईच्या काळ्या किटलीवर आणि एक चक्क त्या घोड्यावरच्या डॉक्टरांवर! भुंग्याला दोरा बांधून खेळणारी मुलं आहेत. (आपल्याकडे चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. चतुराला काय वाटतं, ते त्यालाच विचारा!) आणि काजवे आहेत. इथल्या एल्कमाँट भागात मेअखेर ते जूनमध्ये हजारो काजवे एकदम लुकलुकतात आणि एकदम विझतात. आपल्या भंडारदऱ्याला पावसाआधी काजवे पाहिलेल्यांना ती गंमत वेगळी सांगायला नको.

मला मात्र यातलं एक गाणं जास्त आवडतं. त्यात डॉली गरिबीला गोड करून सांगत नाही. गारपिटीनं पीक झोपलं, आई आजारी पडली, डॉक्टरला पैसे नाहीत, हे सगळं सांगते. आठवणी जपून ठेवीन, पण ते दिवस पुन्हा नकोत, असा त्याचा भाव आहे. गावाचं कौतुक करताना एवढं खरं किती जण बोलतात?

ही ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी खपली नाही. नाव झालं ते लगेच नंतर आलेल्या 'जोलीन' गाण्यानं. आज तुम्ही पिजन फोर्ज गावी गेलात, तर १९८६ पासून सुरू असलेलं 'डॉलीवूड' लागेल. तिथल्या पाळण्यांच्या गर्दीत ते घर पुन्हा उभं केलंय. बांधलं भावानं, आत मांडामांड केली आईनं. खरं घर पाहुण्यांना खुलं नाही.

वडिलांना वाचता येत नव्हतं, हे डॉलीला फार लागलं होतं. म्हणून १९९५ मध्ये तिनं आपल्या जिल्ह्यात एक योजना सुरू केली. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला त्याच्या नावावर टपालानं एक पुस्तक, फुकट! आज ती पाच देशांत आहे, आणि २० कोटींहून जास्त पुस्तकं मुलांच्या हातात पडली आहेत. छोटी मुलं डॉलीला 'पुस्तकवाली बाई' म्हणू लागली. लेक नामांकित गायिका आहे यापेक्षा वडिलांना या नावाचा जास्त अभिमान वाटे.

आणि जाता जाता सेव्हियरव्हिलला उतरा. कचेरीसमोर डॉलीचा पुतळा आहे. १९८७ मध्ये बसवलेला, अनवाणी, हातात गिटार. डॉली सांगते, तिचे वडील रात्री गाडीत साबणाच्या पाण्याची बादली आणि झाडू घालून इथं यायचे आणि पुतळ्यावरची कबुतरांची घाण घासून काढायचे.