कमरेचं ओझं

आत्येभाऊ दुपारी आला होता. सराफ्यात दुकान, रात्री रोकड घेऊन घरी यायचं, म्हणून आता पिस्तुलाचा परवाना काढतोय. "दादा, घ्यायचं तर दणदणीत घेईन," म्हणाला. सिनेमात असतं तसं. म्हटलं, बाबा रे, नऊ मिलिमीटर आपल्यासाठी प्रतिबंधित बोअर. आपल्यासारख्याच्या वाट्याला बहुधा .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली बायकांच्या पर्समध्ये मावेल असं ‘निर्भीक’ काढलं; वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. ते ऐकून त्याचं तोंड वाकडं झालं.

तसं त्याचंही अगदीच चूक नाही. जड हत्यार हातात कमी उसळतं, नेम टिकतो. पण इंदूरच्या मे महिन्यात, सुती शर्टाखाली, स्कूटरवर बसल्यावर ती मूठ बरगडीत रुतणार. शर्ट वर सरकला की अख्ख्या राजवाड्याला कळणार, याच्याकडे काय आहे ते. मग लपवायचं ते काय? शिवाय निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा. लग्नात हौसेनं हवेत बार काढला तर २०१९च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद. आणि मागून मोटारसायकलवरून कुणी पिशवी हिसकली, तर ते बाहेर काढेपर्यंत तो कृष्णपुऱ्याच्या पुलापलीकडे. मला विचाराल तर रोकड दिवसाउजेडी बँकेत टाकावी आणि रात्री सोबतीला नोकर घ्यावा.

सगळं ऐकलं त्यानं, पोह्यांवर शेव घेत. मग विचारतो, "दादा, होल्स्टर चामड्याचं बरं की नायलॉनचं?"